सावलीची सून

ओंगा नदीच्या पलीकडच्या काठावर सरकारने पाटी लावली आहे. पाटीवर फुलपाखराचं चित्र आहे, काळपट निळं, पंखांच्या टोकांना पिवळा पट्टा. चित्र चांगलं काढलंय, रंगही अजून उडालेला नाही. खाली लिहिलंय की हे रान या फुलपाखराचं घर आहे, इथे झाड तोडायला आणि शिकार करायला मनाई आहे. बाजाराला जाताना होडीतून ती पाटी दिसते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. त्या काठावर ते फुलपाखरू कधी राहिलंच नाही. ते आमच्या काठावर राहायचं, माझ्या घराच्या मागे, जिथे आता नुसते बुंधे आणि गवत आहे.

आम्ही तिला सावलीची सून म्हणतो, कारण ती उन्हात पाऊल टाकत नाही. जमिनीलगत उडते, पडलेल्या फळांवर बसते, आणि वाटेत उन्हाचा कवडसा आला की तिथूनच मागे फिरते. माझी सासू मला ऐकवायची, "बघ, सून अशी असावी. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगणात हुंदडत नाही." मी म्हणायचे, "म्हणून तर बिचारीला कुणी ओळखत नाही." नदी रुंद, वर उघडं आभाळ, त्यामुळे ती नदी कधी ओलांडत नसे. चुकून ओलांडली असती तरी तिची पोरं उपाशी मेली असती. तिच्या अळ्या एकाच बुटक्या झाडाची पानं खातात. ते झाड आमच्या बाजूच्या ओल्या घळींमध्ये वाढायचं, आणि पलीकडची जमीन पडली रेताड. आमच्या न्कोलेलोन गावात हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यात कुणाला विशेष काही वाटत नव्हतं.

माझा नवरा झिबी फुलपाखरं पकडायचा. शहरातले दलाल येऊन घेऊन जायचे, त्या पंखांची म्हणे चित्रं बनतात. फुलपाखरू हातात आलं की चिमटीत धरून त्याची छाती दाबायची, म्हणजे ते फडफड न करता मरतं आणि पंख फाटत नाहीत. मग तिकोनी कागदी पुडीत घालायचं. झिबीचा उजवा अंगठा तरुणपणी कोयत्याखाली सापडून गेला होता, म्हणून तो डाव्या हाताने चिमटायचा. त्याच्या फुलपाखरांच्या छातीवर तिरका खळगा पडायचा. दलाल पुडी उघडून बघायचे आणि म्हणायचे, हे झिबीचं.

आता आमच्या एका रीतीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरूनच घडलं. आमच्या रानात पाहुण्याने फासक्या लावल्या आणि त्याला काहीच मिळालं नाही, तर शेवटच्या दिवशी यजमान आपल्या फासकीतलं जनावर गुपचूप नेऊन त्याच्या फासकीत अडकवतो. पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर खाली मान यजमानाला घालावी लागते. पाहुण्याला बहुतेक वेळा कळतंच, कारण जनावराच्या पायाला दुसऱ्याच दोरीचा वळ असतो. पण तो बोलत नाही. तो म्हणतो, "तुमचं रान दिलदार आहे." यजमान म्हणतो, "तुमचा पायगुण." त्यानंतर हा विषय कुणी काढत नाही. माझे वडील माझ्यासाठी स्थळ बघायला आले तेव्हा झिबीच्या बापाने त्यांच्या फासकीत चांगलं लठ्ठ साळिंदर घातलं होतं. वडील घरी येऊन आईला म्हणाले, माणसं चांगली आहेत, पोरीला दे.

डॉक्टर एकानी राजधानीहून, याऊंदेहून आला तेव्हा कोरडा हंगाम अर्धा सरला होता. हा औषधाचा डॉक्टर नव्हे, किड्यांवर शिकून झालेला. नवे बूट, जाड चष्मा, सोबत जाळीचे लांब पिंजरे. पिंजऱ्याच्या तळाशी ताटली असते, तिच्यात सडकी केळी आणि ताडी ठेवायची. फुलपाखरू पिऊन वर उडतं आणि जाळीत अडकतं. माणूस वाईट नव्हता. आमच्याच भाषेत बोलायचा, माझ्या हातचा शेंगदाण्याचा रस्सा मागून मागून घ्यायचा. फुलपाखरांची पाहणी करायची आहे, एवढंच त्याने सांगितलं. कशासाठी, ते नाही. त्याने खिशातून सावलीच्या सुनेचा फोटो काढून दाखवला.

"पपा झिबी, ही कुठे मिळेल?"

"ही? ही घराच्या मागेच की. माझी बायको न्गा भांडी घासायला बसली तरी पायात येते."

"बरं. आधी पलीकडचा काठ बघू, मग इकडे येऊ."

"तिकडे नाही मिळायची, डॉक्टर."

"नाही मिळाली तरी चालेल. तेही कामाचंच असतं."

हे झिबीने मला जेवताना सांगितलं, अगदी कौतुकाने. "काय वळण आहे बघ पोराला! नाही मिळाली तरी चालेल म्हणतो. आजकाल शहरात कोण असं बोलतं?"

"मग तू त्याला इकडे का आणत नाहीस?"

"त्याने पलीकडची कोकोची जुनी वखार झाडून घेतलीय, सामान मांडलंय. पाहुण्याला ऊठ म्हणू?"

म्हणजे डॉक्टर पलीकडे आणि आम्ही इकडे. झिबी रोज होडीने जाऊन त्याचे पिंजरे बघायला मदत करायचा. इतर फुलपाखरं भरपूर अडकत होती, ही मात्र नाही. हळूहळू डॉक्टरचा चेहरा उतरला. जेवेना, बोलेना. पुढे कळलं की त्याला हिवताप भरला होता. पण झिबीने तो चेहरा बघितला आणि मनाला लावून घेतला.

"आभाळ भरून येतंय," तो मला म्हणाला. "पाऊस लागला की हा जाणार. आणि काय सांगणार घरी? झिबीच्या रानात गेलो आणि हात हलवत आलो?"

मी म्हटलं, "मग घाल की त्याच्या पिंजऱ्यात एक. त्यात काय एवढं?"

हो, मी म्हटलं. कुणीही म्हटलं असतं. आमच्या गावात त्या वेळी कुणालाही विचारा, त्याने हेच सांगितलं असतं.

झिबीने घराच्या मागे एक मादी पकडली, टोपलीत ओली पानं घालून तिच्यावर फडकं बांधलं आणि होडीत बसला. होडीवाला ओनांबेले, त्याच्या जिभेला हाड नाही.

"टोपलीत कोण आहे रे झिबी?"

"सून."

"नदी ओलांडून नेतोयस? मग हुंडा कुणी घेतला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरसाठी पानात गुंडाळलेला कसाव्याच्या कंदाचा गोळा घेऊन पलीकडे गेले तेव्हा तो पिंजऱ्यासमोर उभा राहून चक्क नाचत होता. अंगात ताप असलेला माणूस. त्याने झिबीला मिठी मारली, मला मारली, आणि मग दोन्ही हात छातीवर ठेवून म्हणाला, "पपा, तुमचं रान दिलदार आहे!"

"तुमचा पायगुण," झिबी म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मलाही बरं वाटलं. आम्हा दोघांना वाटलं की पोराला सगळं कळलंय. शब्द किती बरोबर बोलला होता! पण ते शब्द तो लहानपणी आजोबांकडून ऐकून शिकला होता. त्यांच्यामागे काय असतं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग पाऊस आला, वेळेच्या आधी. डॉक्टरने आमच्या काठावर थोडे दिवस पिंजरे टांगले, पण पावसात सावलीची सून पानाखालून हलत नाही. पिंजऱ्यांत पाणी साचलं, बाकी काही नाही. त्याला घाई होती, अंगात ताप होता. जाताना त्याने झिबीला आपला टॉर्च दिला.

पुढच्या कोरड्या हंगामात डोक्यावर पिवळी टोपी घातलेली माणसं आली आणि त्यांनी आमच्या काठावरच्या झाडांना लाल रंगाची कडी काढली. मोआबीच्या त्या जुन्या झाडालासुद्धा, ज्याच्या बियांचं तेल माझी सासू काढायची. झिबी त्यांना विचारायला गेला. लाकडाच्या कंपनीचा एक माणूस चांगला शांतपणे बोलला. म्हणाला, दोन काठांपैकी एक सोडायचा आणि एक तोडायचा, असं राजधानीत ठरलं होतं. कुठला सोडायचा ते ठरवायला फुलपाखरांचा डॉक्टर पाठवला होता. दुर्मिळ फुलपाखरू पलीकडच्या पिंजऱ्यात सापडलं, इकडच्या पिंजऱ्यात सापडलं नाही, आणि कागदावर पिंजऱ्यातलंच धरतात. म्हणून पलीकडचं रान राखीव.

झिबी घरी आला आणि उंबऱ्यातच बसला.

"मला वाटलं त्याला फुलपाखरू हवंय," शेवटी तो म्हणाला. "त्याला जागा हवी होती गं."

आम्ही दोघं याऊंदेला गेलो. डॉक्टरच्या कार्यालयात भिंतभर लाकडी कप्पे होते आणि डांबरगोळ्यांचा वास होता. आम्हाला बघून तो आनंदाने उठला, खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. झिबीने चहाला हात लावला नाही. त्याने टोपलीचं सगळं सांगितलं. डॉक्टरने आधी चष्मा काढला, मग पुसला, मग तसाच हातात धरून बसला.

"तुम्ही घातलीत? पिंजऱ्यात?"

"पाहुण्यासाठी घालतातच. तू म्हणालास ना, रान दिलदार आहे?"

"ती बोलायची पद्धत आहे, पपा!"

"पद्धतच आहे," झिबी म्हणाला. "मग मी काय वेगळं सांगतोय?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे बाळा, मग तू तरी सांगायचं होतंस ना कशासाठी आलायस ते! आम्ही तुला हाताला धरून घळीत नेऊन उभं केलं असतं."

"सांगू नका असं वरून बजावलं होतं, आई. कारण कळलं तर गावकरी आपल्या सोयीचं दाखवतील." एवढं बोलून तो थांबला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याच्यावर ओरडवेना.

झिबी म्हणाला, "आता लिही ना खरं काय ते. मी तुला दाखवतो. टोपलीभर दाखवतो."

"आणि ते काय म्हणतील? ज्याने एकदा पिंजऱ्यात घातलं तो पुन्हाही घालेल. इकडचं खरं धरणार नाहीत, आणि पलीकडचं खोटं होतं हे मात्र लगेच मान्य करतील. मग पलीकडचं रानही सोडायचं कारण उरणार नाही. दोन्ही काठ जातील." त्याने पेन उचललं. "तुम्ही सांगा पपा, मी काय करू. तुम्ही म्हणाल ते लिहितो."

मी झिबीकडे बघितलं. त्याला नाही म्हणायचं होतं, ओरडायचं होतं, टेबल उलथून टाकायचं होतं. चाळीस पिढ्यांचं रान त्याच्या मागे होतं आणि समोर एक पोरगा विचारत होता की बोलू की गप्प बसू. बोललं तर सगळं जाणार. गप्प बसलं तर आपलं जाणार आणि पलीकडचं, निदान ते तरी, उभं राहणार.

"असू दे," झिबी म्हणाला. "आहे तसंच असू दे."

बसमध्ये तो खिडकीशी बसला. मी त्याला शिव्या घालायच्या ठरवल्या होत्या. मनात जुळवूनही ठेवल्या होत्या. एकही तोंडातून निघाली नाही.

तोड सुरू झाली तेव्हा झिबीला एकच वेड लागलं. जे लिहिलंय ते खरं करायचं. पहाटे उजाडलं की तो उरलेल्या झाडीत शिरायचा, सावलीच्या सुना पकडायचा, टोपल्या भरून नदीपलीकडे नेऊन सोडायचा. अळ्यांसकट ती बुटकी झाडंही मुळांपासून उपटून नेली, पलीकडच्या रेतीत लावली, नदीतून पाणी आणून घातलं. यंत्रांचा आवाज एवढा असायचा की एकमेकांच्या कानात ओरडावं लागायचं. ओनांबेलेने त्या काळात त्याच्याकडून एकदाही भाडं घेतलं नाही. चेष्टा करायची त्याची सवय सुटेना, पण आवाज उतरला होता.

"झिबी, माहेर मोडलं, आता सासर तरी लाभू दे रे तिला."

शेवटी आमच्या काठावर एक अरुंद पट्टा उरला आणि दोन्हीकडून ऊन आलं. मी तिथे पाच-सहा सुना बघितल्या. उन्हाच्या कडेपर्यंत यायच्या, मागे फिरायच्या, दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत जायच्या, तिथूनही मागे. झिबी त्या दिवशी पकडायला गेला नाही. नुसता उभा राहून बघत राहिला. मग तो पट्टाही तोडला. माझ्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन चुलीपर्यंत आलं. त्या घरात मी सून म्हणून आले तेव्हापासून तिथे कधी ऊन बघितलं नव्हतं, आणि मी रस्सा चुलीवर तसाच ठेवून रडले.

पलीकडे लावलेली झाडं वाळली. झिबीला पुन्हा लावायला इकडे एकही रोप उरलं नव्हतं. तरी तो पलीकडे जायचा थांबला नाही. डॉक्टरने मागे ठेवलेला एक जुना पिंजरा त्याने दुरुस्त केला, पाटीपासून थोडं आत नेऊन टांगला, ताटलीत केळी आणि ताडी घालत राहिला. दर दोन-चार दिवसांनी जाऊन बघायचा. पावसाळे गेले. आमची लेक मेंगे लग्न होऊन दूर गेली. झिबीच्या डोळ्यांवर सारा पडून नजर अंधारली, गुडघे धरले, तरी हातात काठी घेऊन होडीत बसायचा.

"अरे मेंगेच्या बापा, आता पुरे," मी म्हणायचे. "नाहीये ती तिकडे."

"एक दिसली की पुरे. एक दिसली म्हणजे त्यातली एखादी जगली. मग मी नाही जाणार."

या वर्षी कोरडा हंगाम लागला तेव्हा होडीतून उतरताना तो पडला. ओनांबेलेने आणि मी मिळून उचलला. घरी आणल्यावर म्हणाला, "उद्याचा एक दिवस जातो. मग बघू." तो हे ज्या आवाजात बोलला, तो आवाज मी याऊंदेत एकदा ऐकला होता. रिकाम्या हाताने परत येऊन हा आता खाटेवर पडणार आणि तिथून उठणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं.

माझ्याकडे एक होती. मेंगे जन्मली त्या वर्षी झिबीने मला दिलेली, पंखाची कड जराशी फाटलेली, म्हणून दलालाने नाकारलेली. मी ती पुडीतच प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिली होती. वाळलेल्या फुलपाखराचे पंख ताठ होतात, पण केळीच्या ओल्या पानांत गुंडाळून ठेवलं की पुन्हा सैल पडतात. हे मला झिबीनेच शिकवलं होतं. मी तिला तशी गुंडाळली, आणि सकाळी तो तोंड धूत होता तेवढ्यात ओनांबेलेच्या हाती पानाची पुडी दिली. काही सांगावं लागलं नाही. त्याने पुडी घेतली, माझ्याकडे बघितलं आणि ती जपून सदऱ्याच्या आत ठेवली. तो एकटाच होडी घेऊन पलीकडे जाऊन आला.

मग आम्ही तिघं गेलो. झिबी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. पिंजऱ्यापाशी आल्यावर त्याने काठी मला दिली आणि डाव्या हाताने ताटलीत चाचपलं.

हात थांबला.

त्याने तिला उचललं, डोळ्यांशी नेलं. डोळ्यांना काय दिसणार होतं? मग बोट हळूच तिच्या पोटाखालून फिरवलं, छातीपाशी आणलं आणि तिथेच ठेवलं. तिथे तिरका खळगा होता. त्याचाच. एवढ्या वर्षांत तसा चिमटा दुसऱ्या कुणाचा झाला नव्हता.

मला वाटलं आता हा माझ्या अंगावर ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तो वळला. माझा चेहरा त्याला दिसत नव्हता, तरी नीट माझ्या समोर उभा राहिला. दोन्ही हात छातीवर ठेवले, फुलपाखरू मधे धरून. लग्नापासून मला अगं-तुगं करणारा माझा नवरा सावकाश, स्पष्ट म्हणाला, "तुमचं रान दिलदार आहे."

तो पाहुणा झाला होता. आपल्याच रानात. आणि ओनांबेले मागे सरकून उभा राहिला, म्हणजे यजमान मीच होते, उत्तर मलाच द्यायचं होतं.

"तुमचा पायगुण," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. फुलपाखरू खिशात ठेवलं आणि काठी मागितली. निघताना त्याने ओनांबेलेला पिंजरा उतरवून होडीत ठेवायला सांगितलं. घरी आल्यावर त्याने मला पिंजऱ्याची दोरी सोडून जाळी घडी करून ठेवायला सांगितली, आणि त्यानंतर तो नदीपलीकडे गेला नाही.